राउटरचा पत्ता सापडत नाही? घरातल्याच यंत्राला विचारा

मावशीच्या घरी राउटर टीव्हीच्या वर, खिडकीशेजारी दोन खिळ्यांवर टांगलेला आहे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू समोरच्या इमारतीत राहायला गेले, तरी त्यांचे फोन अजून मावशीच्या वाय-फायला जोडले जायचे. म्हणून पासवर्ड बदलायचा होता, आणि तो बदलायला ब्राउझरमध्ये राउटरचं सेटिंगचं पान उघडायला हवं. राउटर उतरवून उलटा केला तर मागचा स्टिकर उन्हाने पांढरा पडलेला. पत्त्याच्या जागी ‘१९२’ एवढंच दिसत होतं, पुढे कोरा कागद. मावसभावाने तोवर फोनवर शोधून सहा वेगवेगळे पत्ते काढले होते आणि तो एकेक टाकून बघत होता. पाऊण तास गेला होता. त्याच्याच हातातल्या फोनमध्ये वाय-फायची माहिती उघडली, तर गेटवेच्या ओळीत पत्ता लिहिलेला होता: १९२.१६८.२९.१.

तो पाऊण तास तुमचा वाया जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कंपन्यांच्या पत्त्यांची यादी शोधण्याआधी लक्षात घ्या, की ज्या यंत्रावर तुमचं इंटरनेट चालू आहे त्याला राउटरचा पत्ता माहीत असतोच. माहीत नसता तर नेट चाललंच नसतं. यंत्राला कसं विचारायचं हे एकदा कळलं की कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही सालचा राउटर असो, काम दोन मिनिटांचं आहे. अवघड वेळही येते, जेव्हा यंत्रालाही पत्ता कळत नाही. त्यावर शेवटी वेगळं, जरा तपशिलात लिहिलं आहे.

कोणता पत्ता शोधतोय आपण?

जुन्या गावाला वेस असायची. गावातल्या गावात कुणाकडे जायचं तर वेशीशी संबंध नाही, पण गावाबाहेर जायचं तर वेशीतूनच. घरातल्या नेटवर्कची वेस म्हणजे राउटर. संगणकाच्या भाषेत तिला ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणतात, आणि पडद्यावर तुम्हाला हेच शब्द शोधायचे आहेत. सोबत ‘सबनेट मास्क’ नावाचा आकडाही दिसेल, बहुतेक घरांत २५५.२५५.२५५.०. ती गावाची शीव समजा: पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे असलेली सगळी यंत्रं एका शिवेच्या आत.

राउटरला दोन तोंडं असतात. बाहेरच्या तोंडाला इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता, आतल्या तोंडाला घरापुरता पत्ता. ‘माझा आयपी काय’, म्हणजे माझा आकड्यांचा पत्ता काय, असं विचारल्यावर वेबसाइटी जो आकडा दाखवतात तो बाहेरचा. राउटरचं पान उघडायला तो सहसा उपयोगी पडत नाही. आपल्याला आतला हवा.

आतले पत्ते कुठून घ्यायचे हे १९९६ मध्ये ठरवून दिलेलं आहे. तीन पट्टे खास घरं-कार्यालयांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर फिरत नाहीत, म्हणून तुमचा आणि शेजाऱ्याचा राउटर दोन्ही १९२.१६८.१.१ असले तरी काही बिघडत नाही. तुम्हाला सापडलेला पत्ता या तीन पट्ट्यांत बसत नसेल, तर बहुधा तुम्ही चुकीची ओळ वाचताय.

एक महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. इथे आकडे मराठीत छापले आहेत, पण ब्राउझरमध्ये टाकताना इंग्रजी आकडे टाका. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पान उघडणार नाही आणि चूक कुठे आहे ते कळणारही नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी तपासा

फोनवरून करत असाल तर मोबाइल डेटा बंद करा. वाय-फायला नेट नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि मग राउटरचं पान उघडत नाही. व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर गेटवे म्हणून भलताच पत्ता दिसू शकतो. तिसरं, तुम्ही पाहुण्यांसाठी केलेल्या ‘गेस्ट’ वाय-फायवर नाही ना, हे बघा. गेस्टवरून राउटरचं पान सहसा मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

फोनवर

आयफोनवर सगळ्यात सोपं. सेटिंग्ज, मग वाय-फाय, मग जोडलेल्या नावापुढचं वर्तुळातलं ‘आय’ चिन्ह. खाली सरकवा. आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क आणि त्याखाली ‘राउटर’. राउटरपुढचा आकडा हाच आपला पत्ता. ‘आयपी ॲड्रेस’पुढे जो आकडा आहे तो फोनचा स्वतःचा. या दोघांत गल्लत सर्रास होते, म्हणून ओळीचं नाव नीट वाचा.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीने मांडणी बदलली आहे, पण वाट साधारण एकच: सेटिंग्ज, नेटवर्क किंवा कनेक्शन्स, वाय-फाय, आणि जोडलेल्या नावाशेजारचं दातेरी चाक किंवा बाण. आत ‘नेटवर्क डिटेल्स’, ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘व्ह्यू मोअर’ असं काहीतरी असतं. तिथे ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ अशी ओळ बघा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत इथेच ‘मॅनेज राउटर’ असतं. ते दाबलं की राउटरचं पान थेट उघडतं, पत्ता टाकायचीही गरज नाही.

अँड्रॉइडवर एका ठिकाणी फसगत होते. काहीजण आयपी सेटिंग ‘स्टॅटिक’, म्हणजे पत्ता हाताने भरायचं, करून तिथे दिसणारा गेटवे वाचतात. त्या चौकटीत फिकट अक्षरात १९२.१६८.१.१ दिसलं तर ते नमुना म्हणून छापलेलं असू शकतं, तुमच्या राउटरचा पत्ता असेलच असं नाही. त्या वाटेला जाऊ नका, आणि गेलात तर काही न साठवता परत या.

फोन फक्त स्वतःचाच पत्ता दाखवत असेल, समजा १९२.१६८.३१.१०७, तर शेवटचा भाग बदलून १ करा: १९२.१६८.३१.१. बहुतेक घरांत वेस १ क्रमांकावर असते, क्वचित २५४ वर. हा अंदाज आहे, पण पहिले तीन भाग पक्के असल्यामुळे यादीतून उचललेल्या पत्त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

विंडोजच्या संगणकावर

१. कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबून ठेवून आर दाबा. डाव्या कोपऱ्यात ‘रन’ची छोटी खिडकी येते.

२. त्यात सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल.

३. तिथे आयपीकॉन्फिग टाका. इंग्रजीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी अशी आठ अक्षरं सलग, मध्ये जागा न सोडता. एंटर.

आता भराभर ओळी येतात आणि पहिल्यांदा बघणारा गोंधळतो. त्या शांतपणे वाचायची रीत अशी. माहिती गटागटांत असते, एका जोडणीचा एक गट. वाय-फाय वापरत असाल तर ‘वायरलेस लॅन अडॅप्टर वाय-फाय’ हा गट, वायर लावली असेल तर ‘इथरनेट अडॅप्टर’. ज्या गटात ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलंय तो सोडून द्या. व्हर्च्युअलबॉक्ससारखं, संगणकातच दुसरा संगणक चालवणारं काही टाकलेलं असेल तर १९२.१६८.५६.१ असा पत्ता असलेला एक जादा गट दिसेल. त्याच्यापुढे डीफॉल्ट गेटवे कोरा असतो. कोरा गेटवे म्हणजे तो आपल्या कामाचा नाही.

आपल्या गटात शेवटी ‘डीफॉल्ट गेटवे’ असतं. कधीकधी तिथे आधी एफ-ई-८-० ने सुरू होणारी लांबलचक मालिका दिसते आणि लोक तीच लिहून घेतात. तो नव्या पद्धतीचा, आयपीव्ही सिक्सचा पत्ता. त्याच्या खालच्या ओळीत, जरा आत सरकून, चार भागांचा साधा पत्ता असतो. तो घ्या.

काळ्या खिडकीची धास्ती वाटत असेल तर रनमध्ये एनसीपीए डॉट सीपीएल टाका. जोडण्यांची चित्रं दिसतील. चालू असलेल्यावर दोनदा क्लिक करा, मग ‘डिटेल्स’. तिथे ‘आयपीव्ही फोर डीफॉल्ट गेटवे’ स्वच्छ लिहिलेलं असतं.

मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की यादीतच ‘राउटर’ दिसतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये आयपी, मग जागा, मग राउट टाका. ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांनंतरचा आकडा तुमचा.

पत्ता आहे, पण पान उघडत नाही

पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा, पानाच्या मधल्या शोधचौकटीत नाही. शोधचौकटीत टाकला की जाहिरातींची आणि नकली मदतीची पानं येतात. ज्या पानावर राउटरचा पासवर्ड मागतात आणि वरच्या पट्टीत तुमचा गेटवे दिसत नाही, तिथे काहीही भरू नका.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे १ या आकड्याच्या जागी इंग्रजी एल हे छोटं अक्षर. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी, आणि इंटरनेटवर कित्येक ठिकाणी पत्ता तसाच चुकीचा लिहिलेला आहे. तिथून कॉपी केलात तर काही उघडणार नाही. तसंच शून्याच्या जागी ओ, टिंबाच्या जागी स्वल्पविराम. पत्ता हाताने, सावकाश टाका.

तरी शोधाचीच पानं येत असतील तर पत्त्याच्या आधी एचटीटीपी, विसर्गासारखं चिन्ह आणि दोन तिरक्या रेघा जोडा. काही नवे राउटर शेवटी एस असलेला, म्हणजे एचटीटीपीएस, प्रकारच स्वीकारतात. तेव्हा ब्राउझर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल इशारा देतो. राउटरने स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र ब्राउझरला ओळखता येत नाही म्हणून हे होतं. घरच्या वाय-फायवर असाल आणि पत्ता तुमचा गेटवेच असेल तर ‘ॲडव्हान्स्ड’मधून पुढे जायला हरकत नाही. हीच परवानगी दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळाला देऊ नका.

टीपी-लिंक, नेटगिअर, टेंडा अशा कंपन्या आकड्यांऐवजी नावही देतात, जसं टीपीलिंकवायफाय डॉट नेट. ते नाव टाकलं की राउटर मध्येच अडवून स्वतःचं पान दाखवतो. पण फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी बाहेरची सेवा, लावलेलं असेल तर ही चौकशी राउटरला न विचारता बाहेर जाते आणि नाव चालत नाही. आकड्यांचा पत्ता मात्र तेव्हाही चालतो.

घरात दोन डबे असतील तर

महाराष्ट्रात फायबर घेतलेल्या कित्येक घरांत ही स्थिती आहे. केबलवाल्याने भिंतीवर लावलेला, पॉनचा दिवा असलेला छोटा डबा, म्हणजे ओएनटी, फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारं यंत्र. लोक त्याला सवयीने मोडेम म्हणतात. त्यातून वायर काढून दुसऱ्या खोलीत स्वतः विकत घेतलेला राउटर. मग गेटवे म्हणून दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, आणि बदल करायचा असतो ओएनटीत. किंवा उलटं.

दोन्ही पत्ते एका दमात मिळवायची युक्ती आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत ट्रेसर्ट टाका: टी, आर, ए, सी, ई, आर, टी. मग जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून डी, मग जागा, मग ८.८.८.८ (गूगलचा एक पत्ता). एंटर. तुमचं माहितीचं पाकीट बाहेर जाताना कोणकोणत्या वेशी ओलांडतं त्याची यादी येते. समजा असं आलं:

पहिली ओळ १९२.१६८.०.१
दुसरी ओळ १९२.१६८.१.१
तिसरी ओळ १००.७२ ने सुरू होणारा पत्ता

पहिला तुमचा राउटर, दुसरा ओएनटी. तिसरा इंटरनेट कंपनीच्या जाळ्यातला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये कंपन्यांना, अनेक ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्यासाठी राखून दिला आहे. घराबाहेरून कॅमेरा बघायचा प्रयत्न करूनही तो दिसत नसेल, तर पुष्कळदा कारण या तिसऱ्या ओळीत असतं.

आता १९२.१६८.१.१ ब्राउझरमध्ये टाका. तुम्ही राउटरच्या मागे असूनही ओएनटीचं पान बहुधा उघडेल. दुसऱ्या ओळीत आतल्या पट्ट्यातला पत्ता दिसलाच नाही, तर ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये असू शकतो, म्हणजे स्वतः वेस न होता नुसती वायर पुढे नेणारा. मग त्याचं पान बघायला लॅपटॉप थेट त्याला जोडावा लागतो. कसा, ते पुढे येतंच आहे.

स्टिकरवरचा पत्ता खोटा का ठरतो, याचंही उत्तर या दोन डब्यांत आहे. राउटर आणि ओएनटी दोघांनाही १९२.१६८.१.१ हवा असेल तर टक्कर होते. काही कंपन्यांचे राउटर ती टक्कर ओळखून आपला आतला पत्ता आपणहून बदलतात. नेटगिअर अशा वेळी १०.०.०.१ वर जातो. घरातल्या कुणीही सेटिंगला हात लावलेला नसतो, स्टिकर ठळक वाचता येतो, आणि तरी त्यावरचा पत्ता चालत नाही. म्हणून स्टिकर सुस्पष्ट असला तरी मी आधी गेटवे बघतो.

कंपनीने दिलेले पत्ते कधी बघावेत

राउटर नवा कोरा असेल किंवा रीसेट केलेला असेल, तेव्हा. त्या वेळेसाठी मला खात्री असलेले एवढेच देतो. जिओफायबरचा डबा १९२.१६८.२९.१, एअरटेलचा १९२.१६८.१.१. हुआवेचे ओएनटी १९२.१६८.१००.१. शाओमीचे राउटर १९२.१६८.३१.१. टीपी-लिंक आणि डी-लिंक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, टीपी-लिंकचा डेको १९२.१६८.६८.१. टेंडा १९२.१६८.०.१. मायक्रोटिक १९२.१६८.८८.१. आसुसचे काही १९२.१६८.५०.१.

यंत्रालाच पत्ता कळत नाही तेव्हा

आता अवघड भाग. गावातल्या अभ्यासिकेत मुलांसाठी वाय-फाय वाढवायचं होतं. कपाटात एक जुना राउटर पडून होता, कुणीतरी पूर्वी बसवून गेलेला. दिवे लागत होते. लॅपटॉपला वायरने जोडला, आयपीकॉन्फिग टाकलं, तर लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा आणि गेटवे कोरा.

१६९.२५४ दिसला की समजा, यंत्राने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला. घरात नवीन फोन आला की त्याला पत्ता आणि वेशीची माहिती देण्याचं काम राउटरमधली डीएचसीपी नावाची सेवा करते. त्या राउटरमध्ये ती बंद केलेली होती. जुना राउटर दुसऱ्या राउटरला जोडून नुसता वाय-फाय पसरवायला वापरला की ती सेवा मुद्दाम बंद करतात, कारण एका गावात पत्ते वाटणारे दोघं नकोत. अशा राउटरला विचारून पत्ता मिळत नाही. मग दोन वाटा उरतात: अंदाज करून हाक मारणे, किंवा तो काय बोलतो ते ऐकणे.

हाक मारायची पद्धत आधी सांगतो. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. नेटवर्कची वायर लॅपटॉपमधून राउटरच्या ‘लॅन’ लिहिलेल्या छिद्रात लावा, वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ छिद्रात नाही. मग एनसीपीए डॉट सीपीएल उघडून इथरनेटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’. तिथे पत्ता हाताने भरायचा पर्याय निवडून लॅपटॉपला १९२.१६८.१.७७ द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे कोरा ठेवा. आता काळ्या खिडकीत पिंग, जागा, १९२.१६८.१.१.

उत्तर नीट वाचा, कारण न आलेल्या उत्तरांतही फरक असतो. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर त्या पत्त्यावर कुणीच राहत नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर शक्यता आहे की तिथे कुणीतरी आहे, फक्त पिंगला उत्तर देत नाही. लगेच एआरपी (कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र आहे ते सांगणारी आज्ञा) टाका, मग जागा, मग आडवी रेघ आणि ए. त्या यादीत तुम्ही हाक मारलेला पत्ता आणि त्यापुढे बारा अक्षर-आकड्यांची ओळख दिसली, तर राउटर सापडला. पिंगला गप्प राहणारा राउटरही इथे लपू शकत नाही, कारण ही ओळख सांगितल्याशिवाय त्याच्याशी बोलणंच शक्य नसतं. बारांपैकी पहिली सहा स्टिकरवरच्या ‘मॅक’ क्रमांकाशी ताडून बघा. शेवटच्या एखाद्या अक्षरात फरक असला तरी चालतो, एकाच राउटरला तसे दोन-तीन क्रमांक असतात.

नाही सापडला तर लॅपटॉपला १९२.१६८.०.७७ देऊन १९२.१६८.०.१ ला हाक मारा, मग वर दिलेल्या इतर पट्ट्यांत. प्रत्येक वेळी शेवटचा भाग २५४ करूनही बघा. चार-पाच पट्ट्यांत नाही मिळाला की थांबा आणि दुसरी वाट धरा. मी अभ्यासिकेत अकरा पट्टे बघितले. त्यात एक तास गेला, आणि तो तास वाचवता आला असता.

ऐकायच्या वाटेला वायरशार्क हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लागतो. तो वायरीवरून जाणारं प्रत्येक पाकीट दाखवतो. विंडोजवर टाकताना तो सोबत एनपीकॅप टाकायचं का विचारतो, त्याला हो म्हणा. मग राउटर बंद करा, वायर लॅनमध्येच राहू द्या. वायरशार्कमध्ये ‘इथरनेट’वर दोनदा क्लिक करून ऐकणं सुरू करा आणि मग राउटरचं बटण चालू करा. राउटर उठतो, दिवे स्थिरावतात, आणि या मिनिट-दोन मिनिटांत तो स्वतःहून काही ना काही बोलतो. खिडकीत ‘एआरपी’ प्रकारच्या ओळी शोधा. त्यांचा मजकूर असा असतो: ‘हू हॅज’ अमुक पत्ता, ‘टेल’ तमुक पत्ता. म्हणजे अमुक कुणाकडे आहे, तमुकला सांगा. ‘टेल’नंतरचा पत्ता बोलणाऱ्याचा. तो तुमच्या लॅपटॉपचा नसेल तर राउटरचाच, कारण वायरीवर तिसरं कुणी नाही. एआरपी दिसलं नाही तर २३९.२५५.२५५.२५० कडे जाणाऱ्या ओळी बघा. बरेच राउटर ‘मी इथे आहे’ अशी दवंडी त्या पत्त्यावर देतात, आणि ‘सोर्स’च्या रकान्यात त्यांचा पत्ता असतो.

अभ्यासिकेतला राउटर चाळिसाव्या सेकंदाला बोलला. टेल १७२.१६.५.२५४. हा पत्ता कुठल्याच यादीत सापडला नसता, कुणीतरी कधीतरी स्वतः ठरवलेला होता. लॅपटॉपला १७२.१६.५.५० दिला, ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला आणि पान उघडलं.

काम झाल्यावर लॅपटॉपचं सेटिंग परत ‘ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली’ वर आणा. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी घरी वायर लावल्यावर नेट चालत नाही.

जोडलेला एक्स्टेंडर किंवा दुसरा राउटर शोधायचा असेल तर

इथे गेटवे बघून उपयोग नाही, तो मुख्य राउटरचाच दिसतो. एक्स्टेंडर, म्हणजे वाय-फाय लांबवर पोहोचवणारा डबा, पत्ता मुख्य राउटरकडून घेतो, म्हणून मुख्य राउटरच्या पानावर ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ किंवा ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’मध्ये त्याचं नाव असतं. हाताने पत्ता दिलेला दुसरा राउटर डीएचसीपीच्या यादीत दिसेलच असं नाही. त्यासाठी फोनवर फिंगसारखं ॲप घेऊन सगळ्या शिवेची झडती घ्या. तिथेही नसेल तर त्याचा पत्ता वेगळ्या शिवेतला आहे. मग वरची ऐकण्याची वाट.

ही झडती फक्त स्वतःच्या किंवा तुमच्यावर सोपवलेल्या नेटवर्कवरच घ्या. हॉटेल, कार्यालय, शेजारी, कुठेही परवानगीशिवाय नाही.

रीसेट सगळ्यात शेवटी

मागच्या बारीक छिद्रात सिमची पिन साधारण १० सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, दाबून धरली की राउटर कारखान्यातल्या स्थितीत जातो आणि पत्ता स्टिकरवरचा होतो. सोपं वाटतं म्हणून लोक इथूनच सुरुवात करतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. वाय-फायचं नाव, पासवर्ड, आणि नेट चालण्यासाठी भरलेलं पीपीपीओईचं नाव-पासवर्ड, सगळं पुसलं जातं. फायबरच्या डब्यात व्हीलॅनचा, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात जोडणी ओळखायला लागणारा, क्रमांकही असतो. तो गेला की माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय. शनिवारी संध्याकाळी हे झालं तर मुलांचा अभ्यास आणि मोठ्यांचं काम दोन्ही सोमवारपर्यंत अडतं.

स्वतः विकत घेतलेला राउटर रीसेट करायचाच असेल तर पीपीपीओईचं नाव-पासवर्ड आधी हातात घ्या. कंपनीने लावलेला फायबरचा डबा असेल तर केबलवाल्याला फोन करा आणि नेमकं विचारा: ‘दादा, ओएनटीचा लॅनचा आयपी आणि लॉगिन काय आहे? पीपीपीओई आणि व्हीलॅन मेसेज करून ठेवाल का?’ असं नेमकं विचारलं की उत्तरही नेमकं मिळतं. काही कंपन्या लॉगिन देत नाहीत, पण हवा तो बदल फोनवरून करून देतात.

आत गेल्यावर

राउटरच्या पानाचं लॉगिन आणि वाय-फायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगिन अजून ॲडमिन-ॲडमिन असेल तर ते आजच बदला, आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे घराबाहेरून राउटरचं पान उघडायची सोय, बंद आहे का ते बघा.

मावशीच्या राउटरला आता अडॅप्टरच्या वायरीवर पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे, उन्हापासून लांब. तिच्यावर बॉलपेनने तीन ओळी: १९२.१६८.२९.१, लॉगिनचा पासवर्ड कुठल्या वहीत आहे ते, आणि तारीख. तारीख यासाठी, की पुढे कुणी डबा बदलून गेला तर चिठ्ठी जुन्या डब्याची आहे हे वाचणाऱ्याला कळावं.